अर्ध्या घोड्याची जाहिरात

मी शाळेत गेले नाही. अक्षरं शिकले ती किराण्याच्या पुड्यांवरून. हळद ज्या कागदात बांधून यायची तो कागद सरळ करायचा, हळद झटकायची आणि वाचत बसायचं. मराठी आणि हिंदीची लिपी एकच, त्यामुळे दोन्ही सोबतच आल्या. त्यात मुलीचं लग्न जमवायची वेळ आली तेव्हा पेपरातल्या लग्नाच्या जाहिराती मी अशा वाचल्या की पाठ झाल्या. म्हणून पुढे घोड्यासाठी जाहिरात लिहायची पाळी आली, तेव्हा घरात ते काम माझ्याचकडे आलं. दुसरं कोण लिहिणार? मुलगा लिहू शकत होता, पण त्याला लिहायची नव्हती.

आमचा तांगा होता. जबलपूरच्या गोरखपूर मोहल्ल्यात घर, घरापुढे छोटं अंगण, अंगणात तांगा आणि पत्र्याखाली घोडी. सासरे अमरावतीकडून इकडे आले ते एका साहेबाच्या घोड्याची निगा करायला, सिविल लाइंसच्या बंगल्यावर. साहेब गेला, सासऱ्यांनी स्वतःचा तांगा केला. ते आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होती. मग राज्यांची वाटणी झाली, नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. सासरे म्हणत, "सरकार बदललं, स्टेशन तं तिथंच हाये ना? सवारी तं उतरनच."

आमच्या ह्यांनी तोच तांगा पुढे चालवला. सकाळी शाळेच्या पोरी, मग स्टेशन, मग कमानिया गेट. पोरींच्या आयांना ह्यांचा भरवसा होता. हे घोडीवर कधी आवाज चढवत नसत. तिच्याशी मराठीतच बोलत. आमच्या नातवंडांना मराठी समजायची पण ती बोलत नसत, घोडीचंही तसंच. ती बोलत नव्हती, पण "चाल माय" म्हटलं की चालायची आणि "हळू" म्हटलं की हळू व्हायची.

दिवाळीनंतर त्या घोडीचं पोट फुगलं. डॉक्टर येऊन गेले, नळीनं औषध पाजलं, पण ती उठली नाही. तिला न्यायला गाडी आली, तेव्हा हे आत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी पाहिलं आणि दार ओढून घेतलं.

त्यानंतर हे तांग्यातच बसायला लागले. घोडी नसलेला तांगा कसा असतो, दोन्ही दांडे जमिनीला टेकलेले, सगळा पुढे वाकलेला. त्या उतरत्या सीटवर बसायचं तर पाय पुढे घट्ट रोवावे लागतात, नाही तर माणूस घसरतो. हे तसे पाय रोवून, हात मांडीवर ठेवून गल्लीकडे पाहत. सकाळी आंघोळ झाली की बसत ते जेवायला उठत, आणि जेवून पुन्हा तिथंच. मुलगा फॅक्टरीतून येई, सायकल लावी आणि म्हणे, "बाबा, आता टेम्पो आले. विकून टाका हे." हे त्याला उत्तर देत नसत. पुढे पुढे मलाही देईनासे झाले. जेवण कमी झालं. दाढी वाढली. शेजारीण म्हणाली, "दीदी, जी लगाने का कोई काम दे दो इन्हें." काम होतंच की हो. काम घोडीचं होतं आणि घोडीच नव्हती.

अख्खा घोडा घ्यायची आमची ऐपत नव्हती, आणि ऐपत असती तरी अख्ख्या घोड्याला पुरेल एवढं काम टेम्पोंनी ठेवलं नव्हतं. मग माझ्या डोक्यात आलं, आपल्याला घोडा लागतो सकाळपासून दुपारपर्यंत. शाळेच्या पोरी नेल्या, आणल्या, संपलं. ज्याला संध्याकाळीच लागतो असाही कोणी असेलच ना? त्याचा अर्धा दिवस, आपला अर्धा. खाणं अर्धं अर्धं. मी संक्रांतीच्या तिळगुळासोबत ही गोष्ट ह्यांच्यापुढे ठेवली.

ह्यांनी तिळगूळ हातातच फिरवला. मग म्हणाले, "भाड्याचा घोडा ऐकला होता. अर्धा घोडा काहून कोणी देईन?"

"विचारून तं पाहू. पेपरात टाकू."

मुलगा जेवत होता. त्याने घास तिथंच थांबवला. "आई, अर्धा म्हणजे कोणता अर्धा? पुढचा का मागचा? मागचा घेतला तं लीद आपली आणि चंदी त्यांची."

सून तोंडाला पदर लावून हसली. पण मी पाहिलं, ह्यांच्याही मिशीत काही हललं. दिवाळीनंतर पहिल्यांदा. मी त्याच दुपारी कागद घेऊन बसले.

आता मला जाहिरात म्हटली की एकच तऱ्हा माहीत. मी लिहिलं: "पाहिजे. शांत, सुस्वभावी, निरोगी घोडी. वय मध्यम. घराणे चांगले असावे. रंगाची अट नाही. तांगा स्वतःचा, घर स्वतःचे, माणसे प्रेमळ." मुलाने ते वाचलं आणि त्याचा चहा नाकात गेला. म्हणाला, "पत्रिका जुळवायची का?" मी म्हटलं, हसायला काय झालं, मुलगी आणताना हेच पाहतात, घोडी आणताना काहून पाहू नये? पण तो म्हणाला ते एक खरं होतं, घोडेवाले मराठी वाचणारे नाहीत. मग सगळं हिंदीत केलं.

हिंदीत करायला बसले तर ह्यांच्या अटी सुरू झाल्या. इतके दिवस न बोललेला माणूस, दांड्यांजवळ उभं राहून सांगायला लागला. चाबूक चालणार नाही. उन्हाळ्यात भर दुपारी जुंपायचं नाही. नाल आपल्या नालबंदाकडूनच. तिच्या पाठीला साज घासला असला तर त्या दिवशी सुट्टी. मी लिहीत गेले. मला बरं वाटत होतं, माणूस बोलून राहिला होता. पण कागद भरला तेव्हा वाचून पाहिलं आणि मनात म्हटलं, ही जाहिरात वाचून घोडा स्वतः येईल, मालक काही यायचा नाही.

पेपरच्या कचेरीत शब्दांप्रमाणे पैसे. तिथल्या बाबूने माझा कागद वाचला आणि पेन्सिल माझ्याकडे सरकवली. म्हणाला, "माताजी, छाँट लीजिए." मी काउंटरला टेकून अटी खोडत गेले. चाबूक गेला, नालबंद गेला, दुपार गेली. शेवटची अट उरली होती, तिच्यावर पेन्सिल ठेवली तेव्हा हे मागून म्हणाले, "बाकी काढ. हे राहू दे."

ती अट पोळ्याची होती.

पोळा बैलांचा, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण सासरे गावाकडचे बैल सोडून आले आणि इथं त्यांना घोडा मिळाला. पहिल्या वर्षी त्यांनी म्हणे पोळ्याला घोड्यालाच आंघोळ घातली, हळद लावली, पुरणपोळी चारली. गल्लीतले हसले तेव्हा म्हणाले, "वर्षभर आपल्यासाठी चालते ना? मंग बैल असो का घोडा." तेव्हापासून आमच्या घरी घोड्याचा पोळा. आदल्या दिवशी खांदेमळणी असते. दिवसभराचं ओझं ज्या जागेवर येतं ती जागा हळद आणि तुपाने मळायची, आणि मग जेवणाचं आवतन द्यायचं, माणसाला देतात तसंच. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आणि दुसऱ्या दिवशी त्या जनावराला जुंपायचं नाही. हे सगळं त्या बाबूला कुठून सांगणार? त्याने विचारलं, "ये पोला क्या है, कब पड़ता है?" मी म्हटलं, आमच्या श्रावणातली अमावस्या. तो म्हणाला, सावनची तर जाऊन महिना झालेला असतो तेव्हा, ती भादोंची अमावस. मी म्हटलं, भैया, महिना तुमचा वेगळा, आमचा वेगळा, अमावस्या एकच. लिहा.

छापून आली ती अशी: "साझे में घोड़ा या घोड़ी चाहिए। तांगा अपना है। काम सुबह से दोपहर तक। दाना आधा-आधा। पोला के दिन छुट्टी।" खाली आमचा पत्ता.

मी ती कापून देवघरात ठेवली. वाट पाहिली. कोणी आलं नाही. जाहिरात आली त्या सकाळी ह्यांनी दाढी केली होती, पुढे पुन्हा वाढू दिली. एक जण आला तो तांगाच विकत मागायला आला. दुसऱ्याने उगाच चौकशी केली, आधा घोडा म्हणजे काय ते पाहायला आला होता. मी मनातून सोडूनच दिलं होतं.

शिमग्याच्या आसपास एक माणूस पांढरी घोडी धरून दारात उभा राहिला. पस्तिशीचा असेल. कमानिया गेटच्या मागच्या गल्लीत राहणारा, वरातीला घोडी देणारा. बाप तांगेवाला होता, आता नव्हता. घोडी बापाच्या वेळची, लहानपणी तांग्याला जुंपलेली. तो म्हणाला, आमची घोडी दिवसभर उभी असते, संध्याकाळी बारात. दिवसभर उभी राहून तिचे पाय सुजतात. तुम्ही सकाळी न्या, दुपारी मी नेईन. आणि मग म्हणाला, "कक्काजी, ये पोला की छुट्टी पढ़ी तो सोचा, आदमी ठीक होंगे."

पाहा, मी मनात म्हटलं. खोडली असती तर?

हे तांग्यातून उतरले. घोडीला भोवतून पाहिलं. पाय उचलून पाहिला, दात पाहिले, मानेवर हात ठेवून उभे राहिले. घोडीने ह्यांच्या खांद्याला नाक लावलं. ह्यांनी तिला विचारलं, "काय माय, येशीन का आमच्याकडे?" तो माणूस मला म्हणाला, "काकी, ये क्या बोल रहे हैं?" मी म्हटलं, बोलणी चालू आहेत, मध्ये बोलू नका.

पुढचे काही महिने बरे गेले. एवढंच लिहिते, जास्त लिहिलं तर आता वाचवत नाही. हे पहाटे उठत, खरारा करत, पोरींना शाळेत सोडत. रिक्षाला गेलेल्या काही पोरी परत आल्या, पांढरी घोडी पाहून. त्यांना वाटे आपण वरातीतूनच शाळेत चाललो. घोडीची एक खोड होती. कुठं बँड वाजला की ती थांबायची. कान उभे, मान उंच, आणि सवारी काही म्हणो, ती हलायची नाही. एकदा सिविल लाइंसमध्ये कसली तरी कवायत होती, बँड संपेपर्यंत सहा पोरी आणि आमचे हे रस्त्यात उभे. शाळेतून चिठ्ठी आली. ह्यांनी ती मला वाचायला लावली आणि हसले. आवाज करून हसले. मी पदराला हात पुसत तिथंच उभी राहिले, ऐकत.

दुपारी तो माणूस येऊन घोडी घेऊन जाई. आल्यावर ओट्यावर बसे, चहा घेई. मला काकी म्हणे आणि ह्यांना कक्का. वैशाख-जेठात त्याला उसंत नव्हती, घोडीच्या गळ्यात रोज नवी झालर. आमच्याकडे शाळेला सुट्ट्या, तर हे सकाळी स्टेशनच्या सवाऱ्या करत. सगळं बसलं होतं बरोबर.

मग आषाढ आला. आमच्या घरी चातुर्मास पाळतात. एकादशीच्या आधी कांदेनवमी केली, कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, कारण मग चार महिने कांदा-लसूण बंद. त्या दिवशी तो माणूसही होता. त्यालाही बशीभर भजी दिली. तो हसून म्हणाला, अब चार महीना देवता सोएँगे. आम्हीही हसलो. हिशोब इतका समोर होता की दिसला नाही. देव झोपले की लग्नं बंद. लग्नं बंद की वरात नाही. वरात नाही तर घोडीच्या त्याच्या अर्ध्या दिवसाला काम नाही, आणि अर्धं खाणं मात्र त्याच्याकडेच. आम्ही स्वयंपाकघरातून कांदा काढला, लसूण काढला, वांगं काढलं, सगळं काढून पाहिलं, पण चातुर्मास अंगणात उभ्या असलेल्या घोडीचाही असतो हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. जो माणूस त्यावरच जगत होता तोही बोलला नाही. बोलणार कसा? करार अर्ध्याचा होता.

श्रावणात तो गप्प गप्प झाला. चहा घेई पण बसत नसे. घोडीच्या फासळ्या थोड्या दिसायला लागल्या. ह्यांच्या लक्षात आलं, मग आमच्या वाट्याची चंदी हे मूठ-दोन मूठ जास्त घालू लागले. मी म्हटलं, त्याला विचारा ना. हे म्हणाले, "त्याच्या घरचं त्याले माहीत. पोटाले विचारू नये."

पोळ्याच्या आदल्या दिवशी शाळेहून आल्यावर ह्यांनी घोडीला अंगणात उभं केलं. मी वाटीत हळद आणि तूप आणून दिलं. मानेच्या मुळाशी, पाठीवर साज बसतो तिथं, ह्यांनी दोन्ही हातांनी मळलं. सावकाश, लहान पोराला तेल लावतात तसं. पांढऱ्या अंगावर हळद अशी दिसत होती, मी सुनेला बोलावलं, ये पाहा. तेवढ्यात तो माणूस आला आणि फाटकात उभा राहिला. ह्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, घोडीच्या कानाशी गेले.

"आज आवतन घे माय, उद्या जेवाले ये."

मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "तुम्हारा भी न्योता है. कल खाना यहीं."

तो फक्त "जी कक्का" म्हणाला. काही बोलायला तोंड उघडलं होतं असं मला आता वाटतं, तेव्हा वाटलं नव्हतं. घोडी घेऊन गेला. हळदीचा हात ह्यांनी बराच वेळ धुतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून पुरण घाटलं. हे धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसले. पितळेची परात घासून ठेवली होती, घोडीच्या ताटासाठी. गळ्यात घालायला झेंडूची माळ, ती पाण्यात. सकाळ गेली. मुलगा म्हणाला, बाबा, तुम्ही जेवून घ्या. हे म्हणाले, आवतन दिलेलं जनावर जेवल्याशिवाय कसं जेवणार. दुपार कलली. मी भिजवलेली कणीक झाकून ठेवली.

तो आला, पण घोडी नव्हती. हातात तिचा लगाम होता, आमचाच, ह्यांनी तिला दिलेला. तो त्याने ओट्याच्या कडेला ठेवला आणि खाली पायरीवर बसला.

बाहेरगावचा व्यापारी आठ दिवस मागे लागला होता. काल संध्याकाळी नेणार असं ठरलं होतं. घरात पोरं, बायको आजारी, आणि वरात बंद ती चार महिने. तो सगळं सांगत होता, हे ऐकत होते की नव्हते, कळत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "कल यही बताने आया था, कक्का. पर आप उसे न्योता दे रहे थे. न्योते के बीच में कैसे बोलता?"

मी तोंड उघडणार होते. माझ्याकडे खूप होतं बोलायला. पण हे उठले, आत आले, पाट मांडला आणि बाहेर जाऊन त्याला म्हणाले, "न्योता तो तुमको भी था. बैठो."

तो जेवला. मान खाली घालून एक पोळी खाल्ली, दुसरी घेतली नाही. ह्यांनी त्याच्या पोळीवर स्वतः तूप वाढलं. तो गेल्यावर हेही जेवले, कारण एक पाहुणा तरी जेवला होता. परातीतलं ताट मात्र तसंच होतं. मी म्हटलं, गायीला घालू का? "ते तिचं हाये," हे म्हणाले. संध्याकाळपर्यंत त्याला मुंग्या लागल्या.

पोळ्याची सुट्टी संपली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोरी दप्तरं घेऊन फाटकात उभ्या. हे बाहेर आले नाहीत. मीच चपला घातल्या आणि त्यांना पायी शाळेत घेऊन गेले, दोघी इकडून धरलेल्या, दोघी तिकडून, बाकीच्या पुढे. एक सारखी विचारत होती, दादीजी, सफेद घोड़ी कब आएगी? मी म्हटलं, चलो बेटा, चलो. दोन-चार दिवस तसं नेलं. माझे गुडघे, त्यांच्या आया, कोण किती दिवस पाहणार. त्या रिक्षाला गेल्या.

मी पुन्हा कागद घेऊन बसले होते. खोटं कशाला सांगू, या वेळी मी सगळ्या अटी सोडून दिल्या होत्या, पोळ्याचीही. ह्यांनी माझ्या खांद्यावरून कागद पाहिला आणि म्हणाले, "राहू दे." मी म्हटलं, काहून? एक आला होता ना, दुसराही येईल.

"आता मी कोणाले आवतन देऊ?" एवढंच बोलले आणि तांग्यात जाऊन बसले.

दिवाळीआधी मुलाने तांग्याची चाकं विकली. एका ठेलेवाल्याला हवी होती. तांगा कोणी घेईना, तर चाकं काढून त्याचा सांगाडा अंगणातच विटांवर टेकवला. चाकं गेल्यावर सीट सपाट झाली. आता घसरत नव्हतं, पाय रोवायला लागत नव्हते, बसायला बरं झालं होतं. हे पाय सैल सोडून दिवसभर तिथं बसू लागले, आणि मीही मग चहा तिथंच नेऊन द्यायला लागले.